तिसऱ्या मशीनच्या बाई

बाईंच्या मनगटावरच्या घड्याळाला काच नव्हती. काटे उघडेच होते. फळ्यावर लिहिताना खडूची भुकटी त्यात गेली की बाई फुंकर मारून ती उडवायच्या आणि समोरच्याला वेळ विचारून काटे बोटाने सरळ करायच्या. काच फुटली नव्हती, त्यांनीच काढली होती. आमच्या वर्गातल्या एका मुलाने धीर करून कारण विचारलं, तेव्हा म्हणाल्या, "आत काय चालू हाय ते मले दिसाले पाहिजे."

"पण बाई, काचेतूनही दिसतंच की."

"दिसते. पण बोट लावता येते का गा?"

मोपेडच्या इंजिनावरचं झाकणही त्यांनी असंच काढून टाकलं होतं. त्यामुळे त्यांच्या सगळ्या फिक्या सुती साड्यांवर एकाच जागी, डाव्या घोट्याच्या जरा वर, ग्रीसचा डाग असायचा. स्टाफरूममधला रेडिओ त्यांनी दुरुस्त करून दिला, पण मागचा पुठ्ठा परत लावला नाही. आम्ही मुली डबे खायला बसलो की बाई येऊन एकेकीच्या डब्याचं झाकण उचलून बघायच्या. खायच्या नाहीत. बघायच्या, "भरीत? बरं हाय," म्हणायच्या आणि पुढच्या डब्याकडे वळायच्या. पहिल्यांदा त्या माझ्यापाशी आल्या तेव्हा मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. माझ्या डब्यात भात आणि गरिबाघरची लाखोळीची डाळ होती. बाईंनी डाळ हुंगली.

"आंबट कायनं केली वं? चिंच का अंबाडी?"

"अंबाडी."

"मंग जमली," एवढं बोलून त्या गेल्या. त्या दिवसापासून मी डबा झाकून खाणं सोडलं.

दर शनिवारी बाई एका सावजी भोजनालयात एकट्या जेवायला जायच्या. त्या काळी बाईमाणसाने अशा ठिकाणी एकटीने बसून झणझणीत रस्सा ओरपायचा, ही गोष्ट कॉलेजात कुजबुजीचा विषय होती. एकदा त्या मला आणि माझ्या मैत्रिणीला, काटोलच्या शोभाला, सोबत घेऊन गेल्या. जेवण झालं. डोळ्यांतून पाणी, नाकातून पाणी. बाईंनी मालकाला हाक मारली.

"भाऊ, मसाल्यात काय काय टाकता?"

मालक हसला. हा प्रश्न त्याला पाठ झाला होता. "मॅडम, दर शनिवारी काहून इचारता? घरचा मसाला हाय. सुनेलेबी सांगितला नाही आमी."

"मंग तुमच्या मांगं?"

"पोरगा हाय ना."

"त्याले सैपाकाची आवड हाय का?"

मालकाने गल्ल्याकडे पाहिलं. गल्ल्यावर त्याचा मुलगा भिंतीला डोकं टेकून गाढ झोपला होता. बाईंनी पैसे चुकते केले. बाहेर आल्यावर मोपेडला पायंडल मारता मारता म्हणाल्या, "इतकी चांगली चीज, अन् एका झोपलेल्या पोराच्या भरवशावर."

बाई मूळच्या गणिताच्या. कॉलेजने एका वर्षाची कॉम्प्युटरची पदविका सुरू केली तेव्हा शिकवायला माणूस मिळेना. कोणीतरी म्हणालं, बाईंना उघडझाप करायची खोड आहे, त्यांनाच द्या. म्हणून तो विषय त्यांच्याकडे आला. त्या स्वतः वाचून शिकल्या आणि शिकता शिकता शिकवू लागल्या. वर्गात त्या अस्सल नागपुरी बोलायच्या आणि रागावल्या की कडक इंग्रजी. इतरांचं ह्याच्या नेमकं उलट होतं. मी कुहीची. आमच्या घरात माझ्याआधी कोणी मॅट्रिकच्या पुढे गेलं नव्हतं. बी.एस्सी. झाले होते खरी, पण इंग्रजीचं जाड पुस्तक दिसलं की मी ते मागे सारायची. असल्या मुलीला पहिल्याच तासाला "हे मशीन भल्लं बुद्धू हाय, याले सांगितल्याबिगर काई समजत नाही" असं ऐकायला मिळालं. मला वाटलं, चला, आपल्यासारखंच कोणीतरी आहे इथे.

कॉम्प्युटर तेव्हा नागपुरात फारसे नव्हते. आमच्या कॉलेजात दोन चालू मशीन होती आणि ती वातानुकूलित खोलीत होती. जाड निळे पडदे, खाली लाल गालिचा आणि दारावर पाटी: चपला बाहेर काढाव्यात. दसऱ्याला त्या मशीनना हळदकुंकू लागायचं, झेंडूची माळ चढायची. विभागप्रमुख सर स्वतः नारळ फोडायचे, तोही बाहेर व्हरांड्यात, आत पाणी उडू नये म्हणून. सर वाईट नव्हते. एवढी महागाची वस्तू आपल्या नावावर आहे, या धास्तीने बिचारे वाळून गेले होते.

बाईंना ती पाटी मान्य नव्हती. "धूळ चपलेले चिटकते अन् पायाले चिटकत नाही, हे कोणत्या पुस्तकात लिवलं हाय? सर, तुमच्या टाचा पाहा. भेगाइत वांगे पेरता येतीन."

"नियम म्हणजे नियम, बाई," सर म्हणाले.

"मंग मी आत येत नाही."

आणि खरंच, बाई त्या खोलीत जायच्याच नाहीत. आम्ही अनवाणी आत, बाई चपला घालून उंबऱ्याबाहेर, आणि दार उघडं राहिल्यामुळे थंडी बाहेर जाते म्हणून सर अस्वस्थ, असं प्रात्यक्षिक चालायचं. बाई तिथून ओरडायच्या, "वरच्या ओळीत डावीकडून दुसरी कळ दाब वं! दुसरी! तुह्या डावीकडून!"

मी मात्र मुकाट्याने चपला काढायची. माझ्या आजोबांना गावातल्या काही घरांवरून जाताना चपला हातात घ्याव्या लागत, हे बाबांनी लहानपणी डोळ्यांनी पाहिलं होतं. पुढे बौद्ध धम्माची दीक्षा घेतल्यावर आजोबांनी घरात पहिली वस्तू आणली ती सगळ्यांना चपला. त्या पाटीखाली वाकताना मला हे आठवायचं. पण मी कोणाला बोलले नाही. मला शिकायचं होतं.

अडचण वेगळीच होती. दोन मशीनपैकी एक कॉलेजचं ऑफिस गुणपत्रिकांसाठी अडवून ठेवायचं. उरलेल्या एकावर आधी जुलैची पहिली तुकडी, मग जानेवारीत सुरू झालेली आमची. आमच्या तुकडीतल्या मुलामुलींचा नंबर पंधरवड्यातून एकदा लागायचा, आणि तेवढ्यात दिवे गेले तर तोही बुडायचा. पदविकेसाठी मशीनवर प्रोजेक्ट करून दाखवावा लागे. घरून मला एक वर्षाचा अवधी मिळाला होता. प्रोजेक्ट नाही तर पदविका नाही, आणि पदविका नाही तर धाकट्या भावंडांच्या शिक्षणासाठी जागा मोकळी करून मला कुहीला परत जायचं होतं. बाबा असं तोंडाने कधी म्हणाले नाहीत. पण ते मला माहीत होतं.

तिसरं एक मशीन होतं. नागपूरच्या सदर भागातल्या एका दुकानदाराने इकडचे तिकडचे भाग जोडून तयार केलेलं. ते आमच्या वर्गालगतच्या साध्या खोलीत कापडाखाली झाकून पडलं होतं. मशीन धड होतं, पण ज्या फ्लॉपीवरून ते सुरू व्हायचं ती खराब झाली होती. तिची नक्कल निघू नये अशी व्यवस्था कंपनीनेच करून ठेवलेली. दुकानदार म्हणाला, नवी विकत घ्या. कॉलेज म्हणालं, तरतूद नाही. उन्हाळ्याच्या सुट्टीच्या तोंडावर सरांनी सांगून टाकलं की नवं सत्र उघडायच्या आत ते मशीन भंगारात काढायचं.

शोभा म्हणाली, "बाई, माहा मावसभाऊ सदरमधून कोणाची तरी फ्लॉपी उतरवून आणते. तिथं ते कुलूप तोडूनच देतात, सगळेच तसं करतात."

बाई एकदम इंग्रजीत गेल्या, म्हणजे रागावल्या. मग शांत होऊन म्हणाल्या, "चोरून आणलेली वस्तू लपवून ठेवा लागते वं. अन् लपवलेल्या वस्तूतून काय शिकसान तुमी?"

त्याच सुमारास त्यांच्या एका जुन्या विद्यार्थ्याने परदेशातून कोणा येणाऱ्याच्या हाती एक पुडकं पाठवलं. त्यात काही फ्लॉप्या आणि कागदांचा हा एवढा गठ्ठा होता. मशीन चालवणारी एक संपूर्ण प्रणाली, तिकडच्या शिक्षकांनी विद्यार्थ्यांसाठी लिहिलेली. आणि नवल म्हणजे ती कशी लिहिली आहे ते ओळीन् ओळ त्या कागदांवर छापलेलं. शिकणाऱ्याने वाचावी, बदलावी, वर्गातल्या दुसऱ्याला उतरवून द्यावी. बाईंनी गठ्ठा दोन्ही हातांनी उचलून आम्हाला दाखवला. त्यांना इतकं आनंदी मी त्याआधी पाहिलं नव्हतं.

"पाहा! याले झाकणच नाही!"

सरांनी एक पान उलटून पाहिलं. "फुकट आहे?"

"हौ."

"फुकटाचं ते फुकटाचंच असतं, बाई. पण तुम्हाला हौसच असेल तर सुट्टीत करा. सत्र उघडायच्या आत चालू करून दाखवलंत तर ठेवतो मशीन, तुमच्या तुकडीलाच देतो. नाही तर मला उगाच थांबवू नका."

ती सुट्टी मी नागपुरातच आतेच्या घरी काढली. शोभा काटोलहून एसटीने यायची. आणखी तिघं-चौघं होते. नागपूरचा मे महिना. सकाळी दहालाच रस्ते ओस पडायचे. आम्ही डोक्याला दुपट्टे बांधून यायचो. त्या खोलीत एक कूलर होता, पण त्याच्या ओल्या वाऱ्याने फ्लॉपी खराब होईल म्हणून बाईंनी तो मशीनकडे पाठ करून ठेवला होता. म्हणजे कूलर व्हरांड्यातल्या चिमण्यांना वारा घालायचा आणि आम्ही घामाने निथळत बसायचो.

पहिली फ्लॉपी घातली. मशीनने ती वाचली, पडद्यावर चार ओळी आल्या, दुसरी फ्लॉपी घालायला सांगितलं. आम्ही टाळ्या वाजवल्या. दुसरी घातली, कळ दाबली. घुर्र, खट्. 'वाचता येत नाही.' पुन्हा घुर्र, खट्. तेच. फ्लॉपी खराब म्हणावी, तर दुसऱ्या प्रतीचाही तोच हट्ट.

बाईंनी ठरवून टाकलं की दोष मशीनच्या स्मृतीच्या, म्हणजे मेमरीच्या, हिशोबात आहे. त्या भागाची पानं त्यांनी आमच्यात वाटली. आम्ही ती घरी न्यायचो, शब्दकोश उघडून वाचायचो आणि दुसऱ्या दिवशी एकेकाने उठून आपल्या पानावर काय चाललं आहे ते सांगायचं. मला पहिल्यांदा रडूच आलं. पण चौथ्या-पाचव्या पानावर एक टीप होती. लिहिणाऱ्याने कोपऱ्यात इंग्रजीत लिहिलं होतं: ही ओळ का लागते ते मला नीट कळलेलं नाही, पण काढली तर चालत नाही. मी ते वाक्य पुन्हा पुन्हा वाचलं. आपल्याला अर्थ नीट लागत नसेल असं वाटून आतेच्या शेजारच्या मास्तरांनाही दाखवलं. ते म्हणाले, बरोबर आहे, असंच लिहिलंय.

दुसऱ्या दिवशी मी बाईंना म्हटलं, "बाई, त्या साहेबाला सुद्धा नाही कळलं."

"हौ. पण त्यानं लपवलं का? लिवून ठेवलं ना बापा, येणाऱ्या माणसासाठी." मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "तुले जे समजत नाही ते तूबी लिवत जाजो. पानावरच. लाजू नको."

तेव्हापासून माझं वाचन सुरू झालं असं मी मानते. ती पानं मग मला भीतीची वाटेनात. समोर बसून कोणीतरी सांगत आहे, अडखळत आहे, पुन्हा सांगत आहे, असं वाटायचं.

पण मशीन काही ऐकत नव्हतं. मे संपला. स्मृतीची सगळी पानं संपली, एकही चूक सापडली नाही. मुलं गळू लागली. शोभा म्हणायची, "बाई म्हणतात म्हणून पाहून राहिलो. पण मले वाटते हे मशीनच पनौती हाय." सर येता-जाता दारातून डोकावून जायचे. भंगारवाला एकदा येऊन मशीनचा अंदाज घेऊनही गेला. त्या संध्याकाळी मी आतेला म्हणाले की माझी ट्रंक काढून ठेव.

दुसऱ्या दिवशी मी गेले ती निरोप घ्यायच्या मनानेच. बाई कपाळाला हात लावून पानं चाळत होत्या. इतर अजून यायचे होते. मला काही सुचेना म्हणून मी मशीन सुरू केलं आणि फ्लॉपीच्या खाचेला कान लावून बसले. घुर्र, खट्. घुर्र, खट्. ऐकता ऐकता मला आमच्या गावची धानाची गिरणी आठवली. तिचं मोठं चाक हळूहळू वेग घ्यायचं. पट्टा पूर्ण वेगात येण्याआधी कोणी घाईने धान ओतलं की गिरणी घशात अडकल्यासारखी करायची आणि गिरणीवाला खेकसायचा. लहानपणी डोक्यावर टोपली घेऊन मी त्या आवाजाची वाट बघत कितीदा उभी राहिले होते.

"बाई," मी म्हटलं, "हे जरा लवकर धान टाकून राहिलं."

घरची भाषा माझ्या तोंडून कॉलेजात पहिल्यांदाच निघाली. बाईंनी मान वर केली. "काय म्हणली?"

"फ्लॉपीचं चाक फिरायला लागते, पण वेग धरायच्या आतच हे वाचायला जाते. खट् आवाज आधी येते. मग वाचता नाही आलं की चाक थांबवते, अन् पुन्हा तसंच. सरांच्या खोलीतल्या मशीनची घुर्र आखूड हाय. याची लांब हाय. हे जोडलेलं मशीन, याचं चाक जड असन."

बाई उठल्या, त्यांनी माझ्या जागी बसून कान लावला. मग गठ्ठ्यातून फ्लॉपीच्या भागाची पानं काढली. तो भाग आम्ही उघडलाच नव्हता. दोघींनी मिळून बोट ठेवत ठेवत खाली गेलो, आणि ती ओळ सापडली. चाक सुरू केल्यावर किती थांबायचं, त्याचा एक आकडा. पहिली फ्लॉपी मशीन आपल्या अंगच्या सवयीने वाचायचं, दुसरीपासून हा आकडा चालायचा. बस, एक आकडा.

बाकीचे आले तेव्हा बाई फळ्यासमोर उभ्या होत्या. "मी चुकली," त्या म्हणाल्या. "अख्खा मे महिना मी तुमाले चुकीची पानं वाचाले लावली. मीच ठरवून बसली होती की दोष कुठं हाय. आवाज कोणाचा ऐकला नाही, मशीनचाबी नाही." काय सापडलं ते मात्र सांगितलं नाही. मग मुलांना पाठवून झणझणीत रश्श्याचे तर्रीपोहे आणवले आणि सगळ्यांना बसवून खाऊ घातले. स्वतः मात्र खाल्ले नाहीत. त्यांच्या दृष्टीने ती शिक्षा होती.

आकडा सापडला, पण तो बदलून नवी फ्लॉपी तयार करायला चालणारं मशीन हवं होतं. म्हणजे वातानुकूलित खोली. बाई सरांकडे गेल्या, मी मागे. सर घाबरलेच. बाहेरच्या फ्लॉपीतून मशीनला रोग लागतो असं त्यांनी कुठेतरी वाचलं होतं.

"विद्यार्थिनीच्या हाती मी ती खोली देणार नाही," ते म्हणाले. मग जरासं हसले. "तुम्ही स्वतः आत येऊन शेजारी बसणार असाल, जबाबदारी घेणार असाल, तर दुपारी ऑफिसच्या जेवणाच्या वेळात बसा."

खोलीचं दार समोरच होतं. दारावर पाटी. बाईंनी पाटीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मला वाटलं आता त्या इंग्रजीत जाणार. मला म्हणावंसं वाटलं, राहू द्या बाई, माझ्यासाठी नको.

बाई खाली वाकल्या. त्यांच्या चपलांना पट्ट्याचं बकल होतं, ते लवकर निघेना. मी पुढे झाले तर "राहू दे" म्हणाल्या. दोन्ही चपला काढून त्यांनी माझ्या चपलांशेजारी ठेवल्या आणि आत पाऊल टाकलं. मग थबकल्या. पायाची बोटं गालिच्यावर हलवून पाहिली.

"बाप्पा! किती गार हाय हे. सर, हे आधी नाही का सांगाचं?"

सर खो खो हसले. मी त्यांना असं मोकळं हसताना त्याआधी पाहिलं नव्हतं. ते आमच्या मागेच खुर्ची ओढून बसले, आधी पहाऱ्यासाठी, मग हळूहळू मान पुढे घालून. त्या मशीनवर दुसरी फ्लॉपी विनातक्रार वाचली गेली. बाईंनी कळफलक माझ्यापुढे सरकवला. मी तो आकडा खोडला आणि मोठा लिहिला. सर म्हणाले, "आणखी थोडा वाढव. उन्हाळ्यात वंगण पातळ असतं, हिवाळ्यात चाक आणखी जड जाईल." बाईंनी वळून सरांकडे पाहिलं. त्यांच्या घड्याळाची काच सरांनी लावून दिली असती तरी त्यांना इतकं नवल वाटलं नसतं. मी आणखी वाढवला.

नवी फ्लॉपी घेऊन आम्ही तिघंही तिसऱ्या मशीनकडे गेलो. पहिलीच्या जागी ही घातली. दुसरी घातली. घुर्रऽऽऽ. खट् नाही. घुर्रऽऽ. आणि पडदा कोरा होऊन कोपऱ्यात एक लहानशी खूण आली, तिच्या शेजारी लुकलुकणारी रेघ.

तिथे वाट बघत बसलेली शोभा म्हणाली, "बस? इतकंच?"

"इतकंच," बाई म्हणाल्या. "आता ते तुले इचारून राहिलं, काय करू म्हणून."

सरांनी त्याच दिवशी ते मशीन भंगाराच्या यादीतून काढलं. आमच्या तुकडीचं वेगळं वेळापत्रक लागलं, पहिला तास माझा. मी घरी जाऊन ट्रंक पुन्हा खाटेखाली सरकवली. आते म्हणाली, "काहून वं, गाडी चुकली का?" मला हसू आवरेना.

सत्राच्या पहिल्या दिवशी मी सर्वांआधी पोचले. पहिली फ्लॉपी. दुसरी फ्लॉपी. घुर्र, खट्. 'वाचता येत नाही.'

पुन्हा लावलं, पुन्हा तेच. धावतच स्टाफरूममध्ये गेले. बाई शांतपणे पेपर वाचत होत्या.

"बाई, बंद पडलं."

"बंद नाही पडलं. ती जुनी फ्लॉपी हाय. नवी माह्या पर्समधी हाय."

"काहून बाई?"

"तुले सापडलं, भल्लं झालं. पण बाकीच्यांनी काय करावं? तुह्या नावानं टाळ्या वाजवाव्या?" त्यांनी पेपरची घडी घातली. "जो येऊन मले ती ओळ दाखवीन, त्याले फ्लॉपी देतो म्हणून सांग. कागद सगळे तिथं ठेवले हायेत. तू त्याइच्यात बसजो. कोणी अडलं तं शब्दाचा अर्थ सांगजो. पण गिरणीचं नाव काढशीन तं पाह्य मंग."

"आणि माझा प्रोजेक्ट?"

"हाच तुहा प्रोजेक्ट."

तो तसाच नोंदला गेला. पुढे त्याच्यावरच मी पास झाले, आणि त्या पदविकेवर मला नोकरी लागली. पण त्या दिवशी मला बाईंचा खरोखर राग आला होता.

खोलीत सगळे मशीनला वेढून उभे होते. मी निरोप सांगितला. नाराजी झाली, मग गठ्ठा वाटला गेला. सुट्टीत न आलेले म्हणत स्मृती, कोणी म्हणे विजेचा दाब. मी शब्दांचे अर्थ सांगत होते आणि जीभ दातांखाली धरून बसले होते. सांगून टाकणं किती सोपं आणि गप्प बसणं किती अवघड, ते मला तेव्हा कळलं. दोन-तीन दिवस हेच चाललं. मुलं बाईंच्या नावाने बोटं मोडायची, पण वेळ संपली तरी उठायची नाहीत.

मग एका दुपारी शोभा एकदम म्हणाली, "थांबा बे. गप बसा. पुन्हा लाव."

कोणीतरी पुन्हा लावलं. घुर्र, खट्.

"पुन्हा."

तिने वाकून खाचेला कान लावला. शोभा सरळ झाली, गठ्ठ्यातली पानं भराभर बाजूला सारू लागली आणि फ्लॉपीच्या भागावर येऊन थांबली. तिचं बोट एकेक ओळ खाली उतरू लागलं. माझा हात आपोआप पुढे जायला लागला, म्हणून मी दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसले.

बोट थांबलं. शोभाने माझ्याकडे पाहिलं. "ही?"

मी खिडकीबाहेर बघू लागले. पण माझा चेहरा मला आवरला नसणार. ती किंचाळलीच. पान उचलून "बाई! ओ बाई!" करत व्हरांड्यातून धावत सुटली, आणि तिच्यामागे सगळी तुकडी.

खोलीत मी एकटी उरले. पंख्याने टेबलावरचे कागद उडून खाली पसरले होते. मी ते गोळा केले, झटकले आणि पुन्हा क्रमाने लावून ठेवले. पुढच्या वर्षीच्या मुलांना लागणार होते.